गौताळा पायी पाहू द्या

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात भूगोल शिकवतो. दर हिवाळ्यात नववीची मुलं घेऊन गौताळा औट्रमघाट अभयारण्यात जातो. या पत्रात निधी मागायचा नाही, इमारत तर नकोच आहे. एकच मागणं आहे. हे जंगल माणसाला पायी बघता यावं, आणि तसं ते पुढेही राहावं, याची व्यवस्था आपल्या खात्याने लावून द्यावी.

आमच्याकडे जंगल म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर गावाबाहेरचं गायरान येतं. वेड्या बाभळी, चार लिंब आणि मधून गेलेली गाडीवाट. बाकी सगळी कपाशी, सोयाबीन आणि मोसंबी. २०१२-१३ च्या दुष्काळात याच मोसंबीच्या बागा मुळासकट उपटून सरपणाला गेल्या. त्या वर्षी टँकरमागे धावलेल्या घरांतली पोरं आज माझ्या वर्गात बसतात. त्यांना पाणी कुठून येतं हे पुस्तकातून शिकवायला मला जड जायचं. म्हणून पहिल्यांदा गौताळ्याला नेलं.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नडच्या पुढे डोंगराच्या धारेवर उभं राहिलं की मराठवाड्याचं पठार एकाएकी संपतं. पुढे सरळ कडा, खाली खानदेश, लांब चाळीसगावची शेतं. त्या धारेवर मी मुलांना गोल उभं करतो आणि पाण्याची बाटली उघडतो. अर्धं पाणी दक्षिणेला ओततो, अर्धं उत्तरेला. दक्षिणेचं शिवना नदीतून गोदावरीला, नाथसागरात म्हणजे जायकवाडी धरणात आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाणार. उत्तरेचं तितूरमधून गिरणेत, गिरणेतून तापीत आणि तिथून अरबी समुद्रात. दोन्ही ओघळांमध्ये वीतभर अंतर असतं. जलविभाजक हा शब्द मी वर्गात दहा वेळा फळ्यावर लिहिला असेल, पण तो मुलांना कळला तो त्या मातीत पाणी मुरताना बघून. मागच्या खेपेला एका मुलीने विचारलं, "सर, म्हणजे जालन्याच्या नळाला येतं त्यातलं थोडं पाणी इथून निघतं?" जालना शहर जायकवाडीचं पाणी पितं आणि शिवना जायकवाडीलाच मिळते. मी हो म्हणालो. मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

साहेब, हे गाडीत बसून होत नाही.

दुसरी गोष्ट त्याच खेपेची. जंगलालगतच्या एका वस्तीवरचे एक काका वाट दाखवायला आमच्याबरोबर आले होते. वय साठीच्या पुढे, हातात काठी, पायात टायरची चप्पल. एका वळणावर ते थांबले आणि काठीने जमिनीवरचा काळपट लगदा उकलू लागले. आत बोराच्या बिया, वाळवीची चकाकती डोकी आणि थोडी माती होती. "अस्वल," एवढंच म्हणाले. मग दहा पावलांवरचं उकरलेलं वारूळ दाखवलं. नखांचे चर ताजे होते, कडेची माती अजून ओली होती. अस्वल आधी भोक पाडतं, मग तोंड लावून फुंकर मारतं आणि वाळवी ओढून घेतं, हे त्यांनी तोंडाने आवाज काढून करून दाखवलं. पुढचा सगळा रस्ता ते मोठ्याने बोलत चालले आणि मुलांनाही बोलायला लावलं. कारण अस्वल वाईट नसतं, ते दचकलं की अंगावर येतं. माणूस येतोय हे त्याला लांबून कळलं पाहिजे.

अंजन, सालई, धावडा, टेंभुर्णी, बेहडा ही झाडं त्यांनी पानं न बघता नुसत्या सालीवरून ओळखून दाखवली. माझ्या दोन पदव्यांपेक्षा त्या माणसाला या जंगलाबद्दल जास्त ठाऊक आहे, हे मी पूर्ण आदराने लिहितो. त्यांचा मुलगा मात्र कामाला वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत असतो.

माझ्या मागणीचा गाभा इथेच आहे. जंगलाकाठच्या गावांतल्या अशा जाणत्यांना आणि त्यांच्या मुला-मुलींना वाटाडे म्हणून शिकवा, त्यांची नोंद करा, दिवसाचा मोबदला ठरवून द्या आणि त्यांच्याशिवाय कोणालाही पायवाटेवर सोडू नका. वाटा दोन-तीनच असाव्यात, पण पक्क्या ठरलेल्या. कोणत्या महिन्यात कोणती वाट उघडी, एका दिवशी किती माणसं, किती वाजता आत आणि किती वाजता बाहेर, हे सगळं मराठीत छापून फाटकावर आणि प्रत्येक शाळेत पोहोचवा. कायदा आडवा येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ मध्ये अभ्यास, छायाचित्रण आणि पर्यटन यांसाठी अभयारण्यात जायला परवाना देण्याची तरतूद आहेच. शाळांसाठी त्याचा एक सोपा अर्ज करा, एवढंच.

गाडीला माझा विरोध का, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी पदरचे पैसे घालून मी घरच्यांना एका नावाजलेल्या व्याघ्र प्रकल्पात नेलं. नाव लिहीत नाही. तीन तासांच्या सफारीत आम्ही धूळ खाल्ली. एका ठिकाणी वाघ दिसल्याचा फोन फिरला आणि वीसेक जिप्सी एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. वाघाची पाठ दिसली, समोरच्या गाडीतल्या माणसांची डोकी त्याहून जास्त दिसली. जमिनीला पाय लागला नाही, एका झाडाला हात लावता आला नाही. परतताना माझ्या आईने विचारलं, "जंगल कुठं होतं रे?" गौताळ्याच्या विकासाचा विषय निघाला की आपल्याकडे जिप्सी, रोप-वे, काचेचा पूल यांचीच नावं लोकांच्या तोंडी येतात. त्यात त्यांचा दोष नाही, दुसरं काही पाहिलेलंच नसतं. पण २६० चौरस किलोमीटरच्या आसपासचं, दोन जिल्ह्यांत पसरलेलं हे जंगल आहे. मराठवाड्यासारख्या झाडांना पारख्या प्रदेशात १९८६ पासून ते अभयारण्य म्हणून टिकलंय. ते रस्त्यांनी चिरू नका.

आणि इथे पायी बघण्यासारखं किती आहे! पितळखोऱ्याची लेणी दोन हजार वर्षांहून जुनी, अजिंठ्याच्या सुरुवातीच्या लेण्यांच्या काळातली. पायऱ्या उतरून दरीत गेलं की ओढ्याच्या काठी कातळात कोरलेले हत्ती ओळीने उभे दिसतात. इथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्याचं नाव कोरलंय, कण्हदास, धंद्याने सोनार. दगडात सोनाराचा हात, असं मी मुलांना सांगतो. तिथून खाली पायवाट पाटणादेवीच्या मंदिराकडे उतरते. पाटण्याला १२०७ सालचा शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ स्थापला, असं त्यात नोंदवलंय. या जंगलाच्या काठी आठशे वर्षांपूर्वी गणिताची शाळा होती, हे ऐकून आमचा गणितात नापास होणारा एक मुलगा त्या वाटेवर माझ्या पुढे पळत होता. पलीकडच्या बाजूला अंतूरचा किल्ला आहे. लेणी पुरातत्त्व खात्याकडे, वाट वन खात्याकडे, मंदिर शेजारच्या जळगाव जिल्ह्यात. या तिघांनी एकदा एकत्र बसून एकच वाट आखावी.

आता वाघ. मार्च २०२१ मध्ये गौताळ्यातल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा तो. इथे कित्येक दशकांत वाघ दिसला नव्हता. शेकडो किलोमीटर शेतं, रस्ते, नद्या, गावं ओलांडत तो आला, आणि वाटेत बुलढाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य, अजिंठ्याचे डोंगर असे हिरवे तुकडे शिल्लक होते म्हणूनच पोहोचू शकला. पुढे २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरचाच एक वाघ धाराशिवच्या येडशी-रामलिंगपर्यंत गेला. मराठवाड्याला ते वाघ बघायला मिळाले, पण त्यांच्या वाटेचं आपण काय करतोय? औट्रम घाटातून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. तिथल्या बोगद्याची चर्चा वर्षानुवर्षं चालली आहे. तो होवो अथवा न होवो, घाटाच्या कामाचा प्रत्येक आराखडा वन्यजीवांच्या येण्याजाण्याचा अभ्यास करूनच मंजूर व्हावा. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंचजवळ रस्ता उचलून घेऊन प्राण्यांसाठी खालून वाटा ठेवल्या, आणि वाघांनी त्या वापरल्याचं कॅमेऱ्यांनी दाखवलं. आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे.

३१ ऑगस्ट २०२१ ला याच घाटात दरडी कोसळल्या आणि खाली चाळीसगावात तितूर-डोंगरीला पूर आला. उघड्या पडलेल्या उतारावर पाऊस कसा धावतो, हे त्या भागातल्या लोकांना मी सांगायला नको. वरचं जंगल दाट राहिलं तर खालच्या गावाला थोडी उसंत मिळते.

दोन लहान गोष्टी. पावसाळ्यातल्या रविवारी धबधब्यांवर जी झुंबड उडते, तिला आळा घाला. अशाच एका रविवारनंतरच्या आठवड्यात मुलांबरोबर प्लास्टिक आणि बाटल्यांच्या काचा वेचताना एका मुलाचा अंगठा फाटला होता. दुसरं, फेब्रुवारीपासून लागणारे वणवे. आग पसरू नये म्हणून गवत-पाचोळा साफ करून आखायच्या जाळरेषा वेळेत काढायच्या तर वनमजूर वाढवावे लागतील, आणि ते त्याच गावांतून मिळतील जिथून वाटाडे मिळतील. गावाला जंगलातून चार पैसे नियमित मिळू लागले की आग दिसताच पहिला माणूस तिथूनच धावत येईल. त्या काकांनी मला सांगितलं होतं, फुलं वेचता यावीत म्हणून मोहाखाली पाचोळा पेटवायची सवय त्यांच्या वस्तीने स्वतःहून सोडली. कोणी न सांगता.

आमची पुढची सहल जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी आहे. चाळीस मुलं, चार शिक्षक. शाळेने पायी जाण्याच्या परवानगीसाठी कोणाकडे अर्ज करायचा, किती दिवस आधी, आणि बरोबर किती वाटाडे घ्यायचे, एवढ्या तीन प्रश्नांचं लेखी उत्तर दिवाळीच्या सुट्टीनंतर मिळालं तर मी तारीख फळ्यावर लिहून टाकीन. मुलं रोज विचारतात.

आपला नम्र,
जालना जिल्ह्यातला एक भूगोल शिक्षक