बाबा, शुक्रवारी मी लाकूड तासते

सॅन डिएगो, रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवरही बोलता आलं असतं. पण फोनवर आई मध्येच "जेवलंस काय?" विचारते, बाबा "बरां" म्हणून फोन तिच्या हातात देतात आणि सांगायचं ते राहून जातं. गेल्या वेळचं ते "बरां" तर इतकं बारीक आवाजात होतं की दिवसभर माझ्या कानात बसलं. म्हणून पत्र. बाबांनी वाचायचं आणि आईला मोठ्याने वाचून दाखवायचं. चष्मा लावून आणि पडवीतला दिवा लावून.

आधी मुख्य ते सांगते. ऑफिसात मी आठवड्याचे चार दिवस करून घेतले आहेत. पुढच्या महिन्यापासून शुक्रवार माझा. कागदांवर सही झाली आहे, तेव्हा "विचार कर" असं आता म्हणू नका. नोकरी सोडलेली नाही. हे वाक्य बाबांनी आईला दोनदा वाचून दाखवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत आळीत "बायनं नोकरी सोडल्यान" होईल. पगार पाचव्या हिश्शाने कमी होईल, आरोग्यविमा तसाच राहील, घराचा हप्ता दोघांच्या पगारातून आरामात जातो. तुमचे जावई बरोबर बसले, सगळा हिशेब मांडला आणि म्हणाले, एवढ्यासाठी काय इतका विचार करायचा. छोटीच्या शिक्षणाच्या पैशांना हात लावलेला नाही. तुमच्याकडे येतं त्यातही काही फरक पडणार नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणेच, त्याच डॉक्टरांकडे, स्वतंत्र खोलीत. त्यात काटकसर सुचवलीत तर मी रागावेन.

आता शुक्रवारी काय करणार, ते. फोटोत पाहिलंत तेच. मागच्या अंगणात मी ओंडक्यांतून टिकी कोरते, म्हणजे पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या जुन्या देवांच्या धाटणीच्या लाकडी मूर्ती. तुमच्या जावयांनी तो फोटो परस्पर पाठवला आणि आईचा लगेच फोन, "ही कसली भुतां घरात, आणि कशाक?"

बाबांना लाकडाचं आधी सांगते, कारण मला माहीत आहे, फोटो मोठा करून तुम्ही भूत पाहिलं नाही, ओंडका पाहिलात. तो इथल्या पंख्यासारख्या पानांच्या ताडाचा, मेक्सिकन फॅन पामचा. इथे रस्त्याच्या दुतर्फा उभे असतात, शंभर फुटांपर्यंत जातात. कुणाच्या तारांवर झुकला की नगरपालिकेची नाहीतर खाजगी माणसं कापतात आणि तुकडे कचऱ्यात टाकायला त्यांनाच पैसे पडतात, म्हणून मागणाऱ्याला खुशीने देतात. लाकूड म्हणजे आपला माडच समजा. वर्षाची कडी नाही, गाभा नाही, बाहेरून कडक आणि आत भुसभुशीत दोरखंड. सागावर आयुष्य काढलेल्या माणसाने हसावं असंच आहे. ओलं असताना इतकं जड की दोघांनाही उचलत नाही, आणि त्यात वाळूसारखं काहीतरी असतं, त्याने पटाशीची धार बघता बघता जाते. पण कडी नसल्यामुळे सागासारखी उभी भेग पडून तोंडाचे दोन तुकडे होत नाहीत. तेवढ्यावर त्याचे बाकीचे गुन्हे माफ.

आधी खडूने मधली रेघ मारायची. डोक्याला उंचीचा तिसरा हिस्सा, कधी जास्तच. पॅसिफिकमधल्या मार्केसास बेटांवरच्या जुन्या मूर्ती तशाच आहेत, मोठं डोकं, चष्म्यासारखे गोल डोळे, आखूड वाकलेले पाय, पोटावर हात. मग साखळीच्या करवतीने आडवे खाच पाडायचे आणि खाचेपर्यंत गोल पटाशीने, मोगरीने काढत यायचं. शेवटी गॅसच्या ज्योतीने वरून काळं करायचं आणि तारेच्या ब्रशने घासायचं, की मऊ भाग निघून जातो आणि धागे उठून दिसतात. त्यावर जवसाचं तेल. (तेलाचे बोळे गोळा करून ठेवले तर आपोआप पेट घेतात. मी ते उघड्यावर पसरून वाळवते, आई, घाबरू नकोस. हे लिहायला नको होतं.)

बाबा, त्या बेटांवर लोखंड पोहोचायच्या आधी हे सगळं वाकसाने व्हायचं. दगडी पात्याच्या. हवाईत मौना केआ नावाचा डोंगर आहे, त्यावर साडेतीन हजार मीटरांच्याही वर काळ्या दगडाची खाण आहे. तिथे थंडीत चढून लोक वाकसाची पाती घडवायचे. पातं दांड्याला दोरीने आडवं बांधायचं आणि पायांच्या मध्ये ओंडका धरून आपल्याच दिशेने मारायचं. आपले मेस्त्री मारायचे तसंच. मी पहिल्यांदा मारला तेव्हा इथले कोरकाम शिकवणारे म्हातारे मास्तर म्हणाले, तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, शिकवलं कुणीच नाही, बघितलंय.

ते खरंच आहे. तुम्ही शिकवलं नाहीत. "बाय, तुझ्या केसांत भुसो नको," म्हणून मला वखारीच्या आतल्या बाजूला येऊ दिलं नाहीत, अभ्यासाला माडीवर पिटाळलंत. मी खिडकीतून बघायची. चितार आळीत जायचे ते पांगाऱ्याचे तुकडे गाडीत भरताना मोजायची आणि दिवाळीला त्याच तुकड्यांची लाकडी केळी, आंबे, सीताफळं होऊन आली की ओळखायचा प्रयत्न करायची. तुम्ही घरी आलात की आई मागच्या दारी तुमच्या पाठीवरून पंचा झटकायची, भुशाच्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापलेलं असायचं, आणि त्या पाण्याला जो वास यायचा तो मला इथे कुठल्याच दुकानात मिळालेला नाही. तुम्ही मांडीवर घ्यायचात तेव्हा कानाच्या पाळीमागे थोडा भुसा राहिलेलाच असायचा. मी तो बोटाने काढायची आणि तुम्ही डोळे मिटून बसायचात.

तेव्हा असं मनात आणू नका की पोरीला लाकडातून बाहेर काढलं आणि ती पैसे खर्च करून परत लाकडात गेली. मला माहीत आहे, त्या "बरां"मध्ये तेच होतं. तुम्ही काढलंत म्हणून तर मला शुक्रवार घेता येतो. तुम्हाला वखारीला रविवारसुद्धा नव्हता. माझं पोट यावर नाही, ओंडका बिघडला तर मी नुसती हळहळते, उधारी कुणाची थकत नाही. लॉस एंजेलिसजवळ व्हिटियरला दोन मित्रांचं 1956 पासून अशा मूर्तींचं मोठं दुकान होतं, ओशिॲनिक आर्ट्स, ते 2021 मध्ये बंद झालं. साठाहून अधिक वर्षं त्यांनी यावरच काढली. मला तसं काही करायचं नाही. अंगणात पाच-सहा उभे राहिले की पुरे, एखादा कुणी मागितला तर देईन.

आता आईचं. आई, खोटं कशाला सांगू, अमेरिकेत ही टिकी वाढली ती दारूच्या बारमधूनच. 1930 च्या दशकात कॅलिफोर्नियात बेटांच्या थाटाचे बार निघाले, मग युद्धावरून पॅसिफिकमधून परतलेल्या शिपायांना त्याचं वेड लागलं, आणि ज्याच्या त्याच्या परसात बांबूचा बार आणि दाराशी दात विचकणारा लाकडी बुवा. माझ्या परसात बांबू नाही, बारही नाही. तुझी तुळस आहे, ती तू दिलेल्या बियांची.

पण तू विचारलंस ते बरोबर विचारलंस, ते देव कुणाचे? आम्ही हवाईला गेलो होतो तेव्हा मलाही तोच प्रश्न पडला. होनाउनाउ म्हणून समुद्राकाठची जागा आहे, जुन्या काळी नेम मोडणारा माणूस तिथपर्यंत पोहोचला तर त्याला अभय मिळायचं. तिथे ओळीने लाकडी मूर्ती उभ्या आहेत आणि पुढे पानांत गुंडाळलेला नैवेद्य. मी चपला काढून उभी राहिले, तुमचे जावई म्हणाले, इथे काढायच्या नसतात. तरी राहिले. 1819 मध्ये त्यांच्या राजानेच जुना धर्म मोडला, देवळं पाडली, मूर्ती जाळल्या. कू नावाच्या त्यांच्या उग्र देवाच्या माणसाहून उंच अशा तीनच मोठ्या मूर्ती उरल्या. एक होनोलुलूत, एक लंडनला, एक अमेरिकेतल्याच सेलम नावाच्या गावात. 2010 मध्ये तिन्ही काही काळ होनोलुलूत एकत्र उभ्या होत्या. आणि लंडनची मूर्ती कसल्या लाकडाची, माहीत आहे? नीरफणसाच्या. ज्याची तू कापं करतेस त्या. आरवलीचा आपला ग्रामदेव वेतोबा पंचधातूचा व्हायच्या आधी फणसाचाच होता ना? हे कळलं तेव्हा मला तुला तिथूनच फोन करावासा वाटला, पण तुमच्याकडे रात्र होती.

वेतोबासमोर तू मला उभी करायचीस, केळ्यांचा घड हातात द्यायचीस, आणि मी त्याच्या मिश्यांकडे न बघता त्या भल्यामोठ्या चपलांकडेच बघायची. घाबरू नको, तो राखतो, म्हणायचीस. कुणी परदेशी माणसाने वेतोबा कोरून बारच्या दाराशी ठेवला असता तर तू काय केलं असतंस ते मला दिसतंच आहे. म्हणून मी कू कोरत नाही. त्याचं ते आठाच्या आकड्यासारखं तोंड मी कुठल्याच ओंडक्याला देत नाही. मास्तर देतात, त्यांचं ते बघतील. माझे चेहरे कुणाचेच नाहीत. फोटोतला जो तुला भूत वाटला, त्याच्या गालांवरून छोटी म्हणते तो आजोबांसारखा दिसतो. बाबा, राग नको.

सुरक्षेचं. साखळीची करवत टोकाने लागली तर उसळून अंगावर येते, म्हणून टोकाने कधीच कापत नाही. डोक्याला टोप, तोंडावर जाळी, पायांवर साखळी अडकून थांबेल असं जाड कापड, कानांवर मफ. तोंडावर दोन डब्यांचा मास्क, ताडाचे धागे नाकात जाऊ नयेत म्हणून. एकटी असताना करवत सुरूच करत नाही, फक्त पटाशी. तुमच्या खोकल्याचं आणि तुमच्या कानांचं मी विसरलेली नाही, बाबा. म्हणूनच एवढं सगळं बांधून उभी राहते, शेजारी मला अंतराळवीर म्हणतात.

आणि आता तुमची पाळी. कानाचं यंत्र खणात ठेवायला घेतलेलं नाही. सकाळी तोंड धुतलं की लावायचं, रात्री काढायचं, शिट्टी मारतं म्हणून फेकून द्यायचं नाही. त्या दुकानात जाऊन साचा नीट करून घ्या, शिट्टी बंद होते. बीपीची गोळी "आज बरां वाटता" म्हणून चुकवायची नाही. आईने ऑपरेशनपर्यंत विहिरीकडच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, फुलं काढायला कामवालीला सांगायचं. न्हाणीघरात मी पाठवलेली रबराची चटई अजून गुंडाळीच आहे, हे मला व्हिडिओ कॉलवर दिसलं. ती आजच्या आज पसरा. ऑपरेशनला मी येणारच आहे, आणि मे महिन्यात पुन्हा, छोटीला घेऊन. चार दिवसांच्या आठवड्यामुळे इथून लवकर निघणं सोपं झालंय, हेही आईला वाचून दाखवा.

एक मागणं आहे. वखार दिली तेव्हा हत्यारं सगळी गेली, पण आजोबांचा छोटा वाकस माळ्यावर आहे, पोत्यात गुंडाळलेला. तो कुणाला देऊ नका. मे महिन्यात मी घेऊन जाईन, सामानाच्या बॅगेतून जातो, मी विचारून ठेवलंय. माळ्यावर तुम्ही चढायचं नाही. शेजारच्या मुलाला सांगून काढून घ्या, पात्यावर तेल लावा, आणि तेसुद्धा खुर्चीवर बसून. उकिडवं बसून नाही.

तुमचीच,
बाय