सिडकोतल्या काकूंना, मनापासून

आदरणीय काकू,

सा. न. समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण कोर्सची फी कुठून भरायची या काळजीत आपल्या नाशकात कितीतरी पोरं-पोरी आहेत.

सीएनसी प्रोग्रॅमिंग, म्हणजे कारखान्यातली संगणकावर चालणारी मशीन चालवायचं काम, शिकायचं हे माझं पक्कं होतं. बाबा अंबडला कारखान्यात, त्यामुळे मशीनवर हात बसलेल्या माणसाला किती मागणी आहे ते घरात रोज ऐकलेलं. अडलं होतं ४५ हजारांच्या फीवर. क्लासवाल्यांनी फायनान्स कंपनीचा फॉर्म दिला होता, 'आजच सही करा, सवलत मिळेल' म्हणून. आई बांगड्या गहाण ठेवायला निघाली होती.

तुम्ही तो फॉर्म शेवटच्या पानापासून वाचायला घेतलात. बारीक अक्षरात होतं: हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू, कोर्स मध्येच सोडला तरी. त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून म्हणालात, "आधी फुकट काय मिळतंय ते बघू. कर्ज सगळ्यात शेवटी."

हा क्रम मला तोवर कुणी सांगितलाच नव्हता. सातपूरचं आयटीआय, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतले मोफत कोर्स, शिकताना विद्यावेतन देणारी अप्रेंटिसशिप. मग बार्टी, सारथी, महाज्योती, अमृत या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या राज्य सरकारच्या संस्था, यातल्या कुठे आपले दाखले चालतील ते. मला हवा तो कोर्स तेव्हा यात कुठे जमला नाही, तेव्हाच तुम्ही कौशल्य कर्जाचं नाव काढलंत. बँकेतली तुमची सगळी नोकरी त्या संध्याकाळी माझ्या कामी आली.

२०१५ पासूनची ही योजना. आधी मर्यादा दीड लाखाची होती, २०२४ मध्ये साडेसात लाख झाली. तारण लागत नाही, आणि कोर्स चालू असताना हप्ता सुरू होत नाही. अट अशी की कोर्स सरकारमान्य असावा, राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात बसणारा किंवा सरकारच्या स्किल इंडिया डिजिटल हबवर नोंदलेला. क्लासवाल्यांना तेवढं विचारलं, तर धड उत्तर मिळेना. तिथेच तो क्लास बाद झाला आणि आपण मान्यता असलेली दुसरी संस्था शोधली.

पहिल्या बँकेत "असं कर्ज आमच्याकडे नसतं" म्हणून वाटेला लावलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मग नकार कारणासकट लेखी द्या." पाचच मिनिटांत आतून खुर्ची आली. इतकी कामाची योजना, आणि शाखेत तिची साधी पाटी नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. ज्यांच्या शेजारी तुमच्यासारख्या काकू नाहीत, त्यांनी काय करायचं?

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्राच्या रांगेत तुम्ही माझ्याबरोबर उभ्या राहिलात, गुडघे दुखत असतानाही. ते मी विसरणार नाही.

आता सातपूरला कामाला लागलेय. हप्ता माझ्याच पगारातून जातो, आणि आईच्या बांगड्या आईच्याच हातात आहेत. काकू, तुमचे खूप खूप आभार. बॅचमधल्या एकीच्या धाकट्या बहिणीला नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करायचाय, तिच्याकडेही असाच एक फॉर्म आलाय. सही करू नकोस म्हणून सांगितलंय. रविवारी तिला घेऊन येऊ का?

तुमची,
समोरच्या बिल्डिंगमधली