आतून रेक्झीन निघालेल्या 'अस्सल लेदर' सँडलबाबत तक्रार

ठाणे (पश्चिम), २५ मे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: उन्हाळी लेदर सँडलचे खोटे वर्णन, पूर्ण पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या वेबसाइटवरून मी पुढून बंद, टॅन रंगाच्या लेदर सँडल ३,४९९ रुपयांना घेतल्या. बिल सोबत जोडले आहे.

मी रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने रबाळेला कामाला जाते. सकाळच्या गर्दीत उघड्या बोटांवर कुणाचा ना कुणाचा पाय पडतोच, आणि आमच्या कारखान्याच्या गेटवर तशी चप्पल चालतही नाही. बूट घालावेत तर या दिवसांत पाय शिजतात. म्हणून बोटं झाकलेली, बाजूंनी मोकळ्या पट्ट्या असलेला जोड शोधत होते. घेतला तोही बघून. पाय संध्याकाळी सुजलेले असतात म्हणून माप संध्याकाळी घेतलं. साडीच्या निऱ्या अडकू नयेत म्हणून बक्कल बाहेरच्या बाजूला आहे ना, ते पाहिलं. साडी, कुर्ता, पँट, तिन्हीवर चालेल म्हणून टॅन रंग. तेव्हा 'साइज चुकली असेल' हे उत्तर कृपया देऊ नका.

पहिले दोन दिवस टाच चावली. त्याबद्दल तक्रार नाही, नवं चामडं चावतंच. पण चामडं आठवड्याभरात पायाला सरावतं, घाम थोडाफार शोषून घेतं. यांच्यात आठवड्यानंतरही पाय पचपचत होते. एके दिवशी फिकट रंगाची पँट घालून गेले. घरी येऊन बघते तर तळवे मेंदी उतरल्यासारखे तपकिरी आणि पँटच्या कडेला तसेच डाग. ते दोन धुण्यांतही गेले नाहीत.

शेवटी स्टेशनजवळच्या चांभारदादांना दाखवल्या. त्यांनी रापीच्या टोकाने अस्तराची कड जराशी उचलली. खाली पांढरं कापड आणि पातळ फोम. "ताई, वरची पट्टी चामड्याची आहे. पायाला लागतं ते रेक्झीन."

मग मी तळाला चिकटवलेलं लेबल नीट पाहिलं. युरोपात विकायच्या पादत्राणांवर असतात तशी चित्रं त्यावर आहेत. वरच्या भागासमोर कातड्याचा आकार, म्हणजे लेदर. अस्तर आणि तळ, दोन्हींसमोर पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार, म्हणजे 'इतर साहित्य'. वेबसाइटवर मात्र 'आतून-बाहेरून अस्सल लेदर, मोज्यांशिवाय वापरा' असं लिहिलंय. स्क्रीनशॉट जोडला आहे. म्हणजे तुमचं लेबल खरं बोलतं आणि जाहिरात खोटं. उन्हाळ्याच्या सँडलमध्ये पायाला लागणारं अस्तरच महत्त्वाचं, आणि नेमकी तिथेच फसवणूक आहे.

२२ एप्रिलला तक्रार केली. उत्तर आलं, 'घाम येणे नैसर्गिक आहे, मोजे वापरून पाहा. वापरलेला माल परत घेतला जात नाही.' मोजे! मे महिन्यात, ठाण्यात! आणि न वापरता आतलं रेक्झीन मला कळणार कसं होतं?

माझी मागणी साधी आहे. पूर्ण पैसे परत करा, सँडल तुमच्या खर्चाने घेऊन जा आणि वेबसाइटवरचं वर्णन दुरुस्त करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. महिना उलटून गेला आहे. आठ दिवसांत पैसे आले नाहीत तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथेच दाद मागता येते, त्यामुळे मला लांब जावं लागणार नाही.

सँडल खोक्यात भरून ठेवल्या आहेत, लेबल शाबूत आहे. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा संध्याकाळी सातनंतर पाठवा, त्याआधी घरी कुणी नसतं.

आपली,
एक ग्राहक
पाचपाखाडी, ठाणे