लग्नपत्रिका, आयफोन आणि भरतीची वेळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला अँड्रॉइड आणि आयफोनवरचा लेख दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर, आणि दुसऱ्यांदा तो चहा निवून गेल्यावर, रागाने. लेखकमहाशयांनी आयफोनला जंजिरा ठरवलंय आणि अँड्रॉइडला एसटी स्टँड. ठरवोत बापडे. पण अनोळखी लोकांनी पाठवलेलं काहीबाही उघडणाऱ्याला कुठलाच फोन वाचवू शकत नाही, असं एक वाक्य त्यांनी जाता जाता फेकलंय, ते काही घशाखाली उतरेना. अनोळखी म्हणे!

आमच्याकडे आलेली फाइल यांच्या सख्ख्या चुलतभावाच्या नंबरवरून आली होती, त्यांच्या कपाळाला गंध लावलेल्या फोटोसकट. चुलतदीर दाभोळला असतात. परसातल्या कुंपणाच्या गडग्यावरून चार वर्षं बोलणं नव्हतं. गणपतीत आरतीला हे पुढच्या दाराने आत गेले की ते मागच्या दाराने बाहेर. अशा माणसाकडून मे महिन्यात भर दुपारी लग्नपत्रिका येते आणि ती उघडायची नाही? लेखकमहाशयांनी न उघडता ठेवून दाखवावी.

आम्ही वेळणेश्वरला चार खोल्यांची निवास-न्याहारी चालवतो. त्या दिवशी घरात अकरा पाहुणे, त्यात संकष्टी. मी मोदकांच्या पाऱ्या करत बसलेले, दोन्ही हात उकडीत. हे ओटीवरून ओरडले, "अगं, भाऊची पत्रिका आली व्हॉट्सॲपवर!" त्यावर मीच म्हटलं, "मग उघडा की. मुलाचं आहे का मुलीचं, बघा तरी." गेलं वर्षभर यांना बोल लावताना हे माझं वाक्य मी सोयीस्करपणे गाळत आले आहे, ते आज आपल्या पेपरात कबूल करते.

फाइलीचं नाव लग्नपत्रिकाच होतं, फक्त शेपटाला ए, पी, के अशी तीन अक्षरं, म्हणजे पत्रिका नव्हेच, अँड्रॉइडवर ॲप बसवायची फाइल. ती दिसतात कुणाला? फोनने एकदा हटकलं, इंग्रजीत. यांनी पुढे दाबलं. मग सेटिंगचं पान उघडलं, तिथलं बटण उजवीकडे सरकवलं. मग मेसेज वाचू का, पाठवू का, कॉन्टॅक्ट बघू का, असं त्याने विचारलं आणि यांनी तीनदा 'अलाव' केलं. लेखकमहाशय म्हणतील, बघा, फोनने सावध केलं होतं. केलं होतं ना. पण हाच फोन टॉर्च लावायच्या ॲपलाही 'अलाव' विचारतो, पंचांगालाही विचारतो, गॅसचा नंबर लावतानाही विचारतो. दिवसातून दहा वेळा ज्याला मान डोलवायची, त्याला अकराव्या वेळी माणूस काय चष्मा लावून बघणार? माझं तर म्हणणं, या एका मुद्द्यावर अख्खा लेख लिहायला हवा होता. फोन वापरायला सोपा की सुरक्षित, हा वाद त्या 'अलाव'च्या बटणावरच सुरू होतो आणि तिथेच संपतो. त्यांनी तो कॅमेऱ्यावर आणि रंगांवर घालवला.

तर, पत्रिका काही उघडली नाही. स्क्रीन पांढरी. "रेंज नाही वाटतं," म्हणून यांनी फोन चार्जिंगला लावला आणि झोपले. संध्याकाळी गेल्या वर्षी येऊन गेलेल्या पुण्याच्या पाहुण्यांचा फोन, "काका, लग्न कुणाचं आहे?" मग डोंबिवलीच्या पाहुण्यांचा. मग आमच्या दूधवाल्याचा. यांच्या फोनमधल्या दोनशे-सव्वादोनशे माणसांना यांच्या नावाने लग्नाचं आमंत्रण गेलं होतं. आम्ही आपले हसतोय, काहीतरी घोळ झाला म्हणून. रात्री साडेबारा ते एकच्या मध्ये तीन हप्त्यांत एकेचाळीस हजार पाचशे रुपये गेले. मे महिन्याच्या सगळ्या आगाऊ रकमा. बँकेचे कोड यांच्या फोनवर येत होते आणि ते ॲप बसल्या जागी चोराला वाचून दाखवत होतं. सकाळी मासळीवालीला पैसे पाठवताना कळलं.

शाखेत गेलो तर तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, परवानगी तुम्हीच दिलीत. चिपळूणच्या भाच्याने ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेणारा १९३० नंबर लावला, पण तोवर दहा वाजून गेले होते. हा नंबर पहिल्या तासा-दोन तासांत लावला तर पैसे पुढच्या खात्यात अडवून धरायची बरीच शक्यता असते, असं तेव्हा समजलं. आपल्या अख्ख्या पानभर लेखात १९३० हा आकडा एकदाही नाही. एक लाख चाळीस हजारांच्या फोनची किंमत मात्र दोनदा आहे.

आता न्यायाने बोलायचं तर तीच फाइल आयफोनवर आली असती तर दगड होऊन पडली असती. एपीके आयफोनवर चालतच नाही. तिथे ॲप घ्यायचं ते कंपनीच्याच दुकानातून. युरोपात कायद्याने २०२४ पासून दुसरी दुकानं उघडायला लावली, आपल्याकडे नाही. अँड्रॉइडवर बाहेरचं ॲप घेता येतं, फक्त २०१७ पासून ज्या ॲपमधून ते येतंय त्या प्रत्येकाला वेगळी परवानगी द्यावी लागते. आमच्या यांनी ती व्हॉट्सॲपला दिलेली. भाच्याने सेटिंगमध्ये नेऊन दाखवली, व्हॉट्सॲपपुढे 'अलाउड'. पुढे त्याने आणखी एक पान उघडलं, तिथे 'सिक्युरिटी पॅच' म्हणून एक तारीख असते, फोनच्या सुरक्षेची शेवटची डागडुजी कधीची ते सांगणारी. आमच्या फोनची तारीख दोन वर्षं चार महिने जुनी. फोन घेऊन झालेली अडीच वर्षं. म्हणजे दुकानातून खोक्यासकट घरी आणला आणि दोन महिन्यांत त्याचं औषधपाणी बंद. दुकानदाराने कव्हर फुकट दिलं, काचेवर प्लास्टिक लावून दिलं, हे काही सांगितलं नाही. (ही तारीख नवी असती तरी आमचे पैसे वाचले नसते, असं भाचाच म्हणतो. पण दुसऱ्या कुणाचे वाचतील.) गूगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस २४ पासून सात-सात वर्षं अपडेट देण्याचं कंपन्यांनी कबूल केलंय, ते लेखात आहे. पण गुहागर तालुक्यात जो फोन खपतो तो दहा-बारा हजारांचा, आणि त्याला अपडेट किती वर्षं, हे मात्र लेखात नाही.

आणि जंजिऱ्याचं म्हणाल तर २०२१ सालचं पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं प्रकरण आपल्याच पेपरात पहिल्या पानावर वाचलेलं मला आठवतं. तेव्हा आयफोनमध्ये साधा मेसेज येऊन, मालकाने काही न दाबता, हेर आत शिरत होते. त्याच वर्षी ॲपलने ते बनवणाऱ्या इस्रायली कंपनीवर दावा लावला आणि पुढच्या वर्षी असल्या हल्ल्यांपासून वाचायला लॉकडाउन मोड काढला. तसलं महागडं हत्यार मोदक करणाऱ्या बाईवर कुणी खर्च करणार नाही, हे मला कळतं. पण अभेद्य हा शब्द जपून वापरावा.

मुलाने मग स्वतःचा जुना आयफोन ११ पाठवून दिला. २०१९ सालचा फोन, पण अजून अपडेट येतंय, हे मान्य. चार दिवस हे खूश. मागे जायचं बटण सापडत नाही म्हणून फक्त दर पाच मिनिटांनी मला हाक. पहिल्या फोनला चार आकडी कोड होता, आमच्या जुन्या बजाज स्कूटरचा नंबर. याला सहा आकडे. चेहरा बघून उघडतो म्हणून कोड लागायचाच नाही, आणि लागायचा नाही म्हणून हे विसरले. एका रात्री फोन बंद करून चालू केला. तसं केलं की चेहरा चालत नाही, आधी कोड मागतो. यांनी स्कूटरचा नंबर पुढून दोन शून्यं लावून घातला, मागून दोन शून्यं लावून घातला. फोन म्हणाला एक मिनिट थांबा. मग पाच मिनिटं. मग पंधरा. मग नातवाने प्रयत्न केला. दहा चुका भरल्यावर फोनने हात वर केले, आता सगळं पुसल्याशिवाय मी उघडत नाही.

पुसायला नेट हवं, ते आमच्याकडे वीज असली तर. चिपळूणला जाऊन पुसला. मुलाला वाटत होतं की सगळ्याची नक्कल वर ढगात, म्हणजे ॲपलच्या आयक्लाउडमध्ये, जात असेल. तिथे फुकटात ५ जीबी जागा मिळते, ती मुलाच्याच मुलीच्या बारशाच्या फोटोंनी कधीच भरलेली. व्हॉट्सॲपवर ठरलेली दिवाळीपर्यंतची सगळी बुकिंगं गेली. कोण कधी येणार, शाकाहारी किती, आगाऊ कुणी दिलेत, काही नाही. यात फोनला दोष देत नाही, त्याला जे सांगून ठेवलंय ते त्याने केलं. विसरलो आम्ही, बॅकअप तपासला नाही तो मुलाने. पण दोन्ही हिशेब शेजारी मांडून बघा. चोराने एकेचाळीस हजार नेले, कुलपाने वही नेली. ऑक्टोबरात एकाच खोलीसाठी दोन कुटुंबं दारात उभी राहिली तेव्हा कुठलं नुकसान मोठं, ते मला विचारायला हवं होतं.

हल्ली मी बुकिंग दोनशे पानी वहीत लिहिते. माझा स्वतःचा फोन अँड्रॉइडच आहे. त्यावर भाच्याने सगळी भाषा मराठी करून दिली आणि बाहेरून ॲप घ्यायची परवानगी सगळीकडची काढून टाकली. आता तो मराठीत हटकतो आणि मी थांबते. पाच मिनिटांचं काम होतं. आपला लेखक ते एका चौकटीत छापू शकला असता.

चुलतदिरांचं राहिलंच. त्यांच्या फोनमध्ये ती पत्रिका पालशेतच्या कुणाकडून आली होती, त्यांचे अठरा हजार गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "तुमचे पण गेले काय रे?" चार वर्षांत पहिला. गडगा अजून तिथेच आहे.

जाता जाता एक. ही मोबाइलची पुरवणी सुरू झाल्यापासून आपण दुसऱ्या पानावरचं भरती-ओहोटीचं कोष्टक बंद केलंत. तीन ओळींची जागा लागत होती त्याला. फोनवर बघा, असं आपल्या कार्यालयातून उत्तर मिळालं. फोनवर मुंबईची वेळ दाखवतो, नाहीतर रत्नागिरीची, आणि मध्ये तीन जाहिराती. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हेदवीची बामणघळ, म्हणजे समुद्राकाठच्या खडकातली घळ, बघायची असते आणि पाणी उसळतं ते ऐन भरतीला. तास चुकला की नुसता खडक बघून परत येतात आणि आम्हाला बोल लावतात. पंचवीस वर्षं आपला पेपर मी त्या तीन ओळींसाठी घेतला म्हटलं तरी चालेल.

उद्या सकाळी ठाण्याचे सहा जण जाणार आहेत. चतुर्दशी आहे, म्हणून सासऱ्यांच्या हिशेबाने तिथीची, म्हणजे चौदाची, पाऊणपट करून मी त्यांना भरती साडेदहाला सांगितलीय.

आपली,
एक वाचक, वेळणेश्वर, ता. गुहागर

ता. क. नाव छापू नये. गावाला माहीत आहे, पण डोंबिवलीचे पाहुणे अजून लग्नाची तारीख विचारतात.