मारहाण थांबवणारा आदेश वेळेत हाती पडू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'मला त्यांना जेलमध्ये घालायचं नाही, सोडचिठ्ठीही नको. फक्त अंगावर हात टाकणं थांबलं पाहिजे.' तालुक्याच्या कोर्टात बायकांच्या सोबतीला जाते, तेव्हा हे हमखास कानावर येते. आणि नेमक्या अशाच बाईसाठी असलेला कायदा तिला कोणी सांगितलेला नसतो. पोलिस ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात, नवऱ्याला बोलावून दम देतात, आणि रात्री तिला त्याच घरात परत जावे लागते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ मध्ये झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखाली 'डीव्ही'चा, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराचा (डोमेस्टिक व्हायोलन्स), अर्ज केला म्हणजे नवऱ्याला अटक होते, हा गैरसमज खेड्यापाड्यांत घट्ट बसला आहे. तसे होत नाही. न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देतात: मारायचे नाही, तिच्या कामाच्या ठिकाणी जायचे नाही, फोन करून छळायचे नाही, तिचे स्त्रीधन परस्पर विकायचे नाही. घर कोणाच्याही नावावर असो, तिला बेकायदा बाहेर काढता येत नाही. गरज पडली तर त्यालाच घर सोडायला सांगता येते. तो आदेश मोडला, तर मात्र तो दखलपात्र (पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा), अजामीनपात्र गुन्हा ठरतो. एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माहेरी आलेल्या बाईला माहेरच्या तालुक्यातही अर्ज करता येतो.

अडते ते तारखांवर. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदाच सांगतो. प्रत्यक्षात सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो, घरी सापडला नाही म्हणून नोटीस परत येते आणि पुढची तारीख पडते. या काळात मार थांबलेला नसतो. म्हणूनच कलम २३ आहे. शपथपत्र पाहून, समोरच्याची वाट न बघता न्यायालयाला एकतर्फी अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश देता येतो.

पण ते शपथपत्र कसे लिहिले जाते? एका ताईच्या शपथपत्रात 'वेळोवेळी शारीरिक व मानसिक छळ केला' एवढेच होते. आदल्याच आठवड्यात त्याने तिची बोटे दारात चिरडली होती. सरकारी दवाखान्याचा केसपेपर तिच्या पिशवीत होता, तो कोणी मागितलाच नव्हता. तारीख, वेळ, शेजारी कोण धावून आले, हे सगळे लिहून तो कागद जोडला आणि अंतरिम आदेशाचा वेगळा अर्ज दिला, तेव्हा त्याच दिवशी आदेश झाला. माझी वकील मंडळींना कळकळीची विनंती आहे, छापील मजकुरावर या बायकांची बोळवण करू नका.

खरे तर घटनेचा अहवाल करणे, अर्जाला मदत करणे हे याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचे काम. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा आणि तालुका पातळीवर असे अधिकारी नेमण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. निदान त्यांचे नाव आणि मोबाइल क्रमांक प्रत्येक ठाण्यात, ग्रामपंचायतीत, सरकारी दवाखान्यात दर्शनी लावावा. वकिलाच्या फीला घाबरणाऱ्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही.

आणखी एक. कलम २४ प्रमाणे आदेशाची प्रत दोन्ही पक्षांना आणि ठाणे अंमलदाराला विनामूल्य पाठवणे न्यायालयाचे काम आहे. आमच्याकडे बाईच नकलेचा अर्ज भरते, नक्कल मिळाली की एसटीने ठाण्यात नेऊन देते, आणि तोवर नवरा दारात आला तर पोलिस विचारतात, 'आदेश कुठंय?' प्रत त्याच दिवशी न्यायालयातून ठाण्यात गेली पाहिजे आणि तिची पोच अर्जदार बाईला मिळाली पाहिजे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सोलापूर