पवित्र संघाने क्रांत्या चिरडल्या नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गावोगावच्या अभ्यासिकांत फिरणाऱ्या टिपणांत ऑस्ट्रियाचा तत्कालीन परराष्ट्रमंत्री मेटर्निक याच्याविषयी एक वाक्य हमखास सापडते : ‘मेटर्निकने पवित्र संघाच्या जोरावर युरोपातील क्रांत्या दडपल्या.’ हे चूक आहे, आणि मुले तेच पाठ करतात याचे वाईट वाटते.

२६ सप्टेंबर १८१५ चा पवित्र संघ म्हणजे रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशियाच्या राजांनी ख्रिस्ती बंधुभावाने वागण्याची घेतलेली शपथ. त्यात ना सैन्याचा आकडा, ना बैठकीची तरतूद. खुद्द मेटर्निकला तो पोकळ वाटे. खरा करार २० नोव्हेंबर १८१५ चा, म्हणजे चतुःसंघाचा. यात या तिघांसोबत ब्रिटनही होता. फ्रान्सने पुन्हा आगळीक केल्यास प्रत्येकी ६०,००० सैनिक द्यायचे, आणि सहाव्या कलमानुसार वेळोवेळी एकत्र बसायचे, असे ठरले. पुढच्या परिषदा या कलमातून निघाल्या.

पण फ्रान्सविरुद्धचा करार इतर देशांतल्या क्रांतीवर कसा चालवायचा? त्यासाठी नोव्हेंबर १८२० मध्ये ट्रॉपाऊ या ऑस्ट्रियाच्या शहरातील परिषदेत वेगळा मसुदा झाला : क्रांतीने सरकार बदललेले राज्य संघाबाहेर; शेजाऱ्यांना धोका वाटला तर आधी समजावणी, मग बळ. ब्रिटनने तो साफ नाकारला.

इटलीतील नेपल्सच्या राज्यात हे कसे घडले ते नीट पाहण्यासारखे आहे. जुलै १८२० च्या उठावानंतर राजा फर्डिनांडने राज्यघटनेची शपथ घेतली होती. तो राजधानीत असेपर्यंत हस्तक्षेप म्हणजे उघड आक्रमण ठरले असते. म्हणून जानेवारी १८२१ मध्ये त्याला लायबाख येथील पुढच्या परिषदेला बोलावले. तिथे त्याने शपथ मोडली, मदत मागितली, आणि ऑस्ट्रियाच्या फौजेला निमित्त मिळाले. मार्चमध्ये रिएतीच्या लढाईत नेपल्सची सेना हरून पांगली. त्यानंतर ऑस्ट्रियाची फौज १८२७ पर्यंत नेपल्समध्येच राहिली, तिचा खर्चही नेपल्सच्याच माथी.

स्पेनमध्ये १८२३ साली हेच काम फ्रान्सच्या सुमारे लाखभर सैन्याने केले. ग्रीसमध्ये मात्र गाडी अडली. बंड तुर्कस्तानच्या सुलतानाविरुद्ध, बंडखोर रशियाच्याच ऑर्थोडॉक्स पंथाचे. मेटर्निकच्या क्रांतीविरोधी तत्त्वापेक्षा रशियाला आपले हित जवळचे वाटले. ऑक्टोबर १८२७ मध्ये ग्रीसच्या किनाऱ्यावरील नव्हारिनोला ब्रिटन, फ्रान्स व रशियाच्या आरमारांनी तुर्की-इजिप्शियन आरमार बुडवले.

आपल्या स्पर्धा परीक्षा पुरवणीत हे दोन करार आणि ट्रॉपाऊचा मसुदा तारखांसह वेगवेगळे छापावेत, ही विनंती. शहरातला क्लास न परवडणारी इकडची बरीच मुले त्याच पानावर अभ्यास करतात.

आपले,
इतिहासाचे शिक्षक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ