मिसिसिपीतल्या पाट्या कशा बघायच्या

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

ऑक्टोबरमध्ये मिसिसिपीला जायचं तुम्ही ठरवलंत, हे फार बरं झालं. तेव्हा कापूस वेचणीला आलेला असतो आणि उन्हाळ्यातला दमट उकाडाही सरतो.

बाबा, एमेट टिलच्या जागा एका काउंटीत (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात) नाहीत. शिकागोहून आलेल्या या 14 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला 28 ऑगस्ट 1955 रोजी लफ्लोर काउंटीतून पळवलं, सनफ्लॉवर काउंटीतल्या एका गोठ्यात मारलं आणि प्रेत सापडलं टॅलाहॅची काउंटीत, नदीत. म्हणून खटला टॅलाहॅचीत, समनर गावी चालला. नकाशावर तिन्ही काउंट्या आधीच खुणावून ठेवा.

आधी मनी गाव करा. दुकानातल्या गोऱ्या बाईशी गैर वागल्याचा आरोप एमेटवर झाला आणि सगळं सुरू झालं, त्या दुकानाच्या पडक्या भिंती वेलींनी झाकल्या आहेत. ती खासगी जागा आहे आणि कधीही ढासळू शकते, तेव्हा रस्त्यावरूनच बघा. समोर 2011 चा फलक आहे. त्याची एक बाजू विनाइलवर, म्हणजे चिकटवायच्या प्लास्टिकच्या पातळ थरावर, छापलेली. विनाइलवर फोटो आणि भरपूर मजकूर मावतो, पण ते खरवडून काढता येतं, आणि 2017 मध्ये कुणीतरी ते काढलंच. राज्याचे जुने हिरवे फलक ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे, उठावाच्या अक्षरांचे असतात. रंग उडाला तरी अक्षरं शाबूत राहतात, अगदी बोटांनीही वाचता येतात.

पुढे ग्लेंडोरा. तिथल्या जुन्या कापसाच्या जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, संग्रहालय आहे. प्रेत बुडावं म्हणून जिनचा सुमारे 34 किलोचा पंखा काटेरी तारेने मुलाच्या गळ्याला बांधला होता. तो इथलाच, असं गावात मानतात.

तिथून जवळच नदीकाठी ग्रेबॉल लँडिंग. शेवटचा रस्ता शेतांतून जाणारा, खडीचा आहे. पाऊस झाला असेल तर गाडी चिखलात रुतते, म्हणून आदल्या दिवशी पाऊस पडला तर हा टप्पा पुढे ढकला. प्रेत नेमकं इथेच सापडलं का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, हे लक्षात ठेवून वाचा. 2008 ची पहिली पाटी कुणीतरी उपटून नेली. दुसरीवर इतक्या गोळ्या झाडल्या की तिच्यातली 317 भोकं मोजली गेली. ती पाटी पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मांडली. तिसरीवर लावल्यानंतर 35 दिवसांतच गोळ्या झाडल्या. मग 2019 मध्ये 500 पौंडांहून जड, गोळी न भेदणारी पोलादी पाटी बसवली, कॅमेऱ्यांसकट. आई, एका मुलाचं नाव टिकवायला एवढं पोलाद लागतं, हे तिथे उभं राहिल्यावरच पोचतं.

समनर शेवटी ठेवा आणि वेळ तिथेच जास्त द्या. कोर्टाची खोली वरच्या मजल्यावर आहे आणि 1955 सारखीच पुन्हा सजवलेली आहे. बाबांच्या गुडघ्यांसाठी लिफ्टची चौकशी आधीच करा. भेटीची वेळ कोर्टासमोरच्या एमेट टिल केंद्राकडून ठरवून घ्यावी लागते. इमारतीत अजूनही कामकाज चालतं, न ठरवता गेलात तर दार बंद मिळू शकतं. याच खोलीत मुलाच्या आजीच्या बहिणीचे यजमान मोझ राइट यांनी भर कोर्टात उभं राहून दोन्ही गोऱ्या आरोपींकडे बोट दाखवलं. त्या काळच्या मिसिसिपीत कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्याविरुद्ध असं करणं म्हणजे जिवावर उदार होणं. निकाल देणारं पंचमंडळ (ज्युरी) सगळं गोऱ्या पुरुषांचं. 67 मिनिटांत त्यांनी दोघांना निर्दोष सोडलं. एकाच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालवता येत नाही, म्हणून जानेवारी 1956 मध्ये दोघांनी एका मासिकाला कबुली दिली तरी कायद्याचे हात बांधलेलेच होते.

आवारात कॉन्फेडरेट सैनिकाचा, म्हणजे अमेरिकी यादवीत गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडून लढलेल्याचा, पुतळा दिसेल, खटल्याच्या वेळीही तो तिथे होता. खटल्याची हिरवी पाटी मात्र 2007 ची आहे, म्हणजे 52 वर्षांनंतरची. काउंटीने टिल कुटुंबाची जाहीर माफी मागितली तीही त्याच वर्षी. म्हणून कुठलीही पाटी वाचताना आधी तळाची ओळ बघा, कुणी लावली आणि कोणत्या साली. मजकूर त्यानंतर वाचा.

मेम्फिसहून समनर साधारण दीड ते दोन तास. पाणी आणि डबा मनीजवळच्या ग्रीनवुड शहरातूनच घ्या, पुढे फारसं काही मिळत नाही. केंद्राला फोन करायला तारखा लागतील, त्या लवकर कळवा.

तुमची,
लेक